काचेच्या प्लेटवरची बेटं

सुरुवात एका स्टँपपासून झाली. १९०१ साली ब्रिटिश न्यू गिनीने स्वतःचा पहिला स्टँप काढला, त्यावर एक जहाज आहे आणि त्याची शिडं खेकड्याच्या नांग्यांसारखी वर वळलेली आहेत. मी खरंतर दुसरंच काहीतरी शोधत होते पण ते जहाज बघून थांबले, आणि मग कळलं की हे कुणा चित्रकाराच्या डोक्यातून आलेलं नाही, बार्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने काढलेल्या फोटोवरून ते कोरलंय. मग तो फोटो शोधला, त्याच्यामागून आणखी फोटो, आणि आता कित्येक महिने झाले, रात्री कामं उरकली की मी मेलानेशियाचे शंभर-सव्वाशे वर्षं जुने फोटो बघत बसते. केंब्रिज, ऑक्सफर्ड, लंडन, सिडनी, बाझेल, कुठल्या कुठल्या म्युझियमच्या कॅटलॉगमध्ये हे फोटो पडलेत आणि आता बरेचसे स्कॅन होऊन घरबसल्या बघायला मिळतात. हे सगळं डोक्यात इतकं साठलंय की लिहूनच काढते.

मेलानेशिया म्हणजे न्यू गिनीपासून फिजीपर्यंतचा पट्टा, मध्ये सॉलोमन बेटं, व्हानुआतू, न्यू कॅलेडोनिया. हे नाव तिथल्या लोकांनी ठेवलेलं नाही, १८३२ साली द्युमों द'उर्व्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने लोकांच्या कातडीचा रंग बघून ‘काळी बेटं’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि तेच चिकटलं. एकट्या पापुआ न्यू गिनीत ८०० च्या वर भाषा आहेत, व्हानुआतू एवढासा देश पण तिथेही शंभराच्या वर, त्यामुळे ‘मेलानेशियन संस्कृती’ असं एकवचनात म्हणायला मला आता जड जातं.

तर ते जहाज. त्याला लाकाटोई म्हणतात. न्यू गिनीत पोर्ट मोर्सबीच्या किनाऱ्यावरचे मोटू लोक मोठमोठे ओंडके कोरून केलेल्या होड्या एकमेकींना बांधायचे, वर फळ्या आणि शिडं चढवायचे आणि लाउराबाडा म्हणजे आग्नेयेचा वारा असेपर्यंत पश्चिमेला पापुआच्या आखातात निघायचे. सोबत मातीची मडकी, शेकड्यांनी. तिकडच्या लोकांकडे सॅगो भरपूर, म्हणजे ताडासारख्या एका झाडाच्या खोडातून निघणारं पीठ, पण मडकी करायला माती नाही, आणि मोटूंच्या कोरड्या किनाऱ्यावर माती आहे पण धान्याची ओढाताण. मग मडकी द्यायची, सॅगो घ्यायचा, तिथेच नवीन ओंडके मिळवून जहाज आणखी मोठं करायचं आणि लाहारा म्हणजे वायव्येचा वारा सुटला की परतायचं. या सगळ्या खटाटोपाला हिरी म्हणतात. महिनोन्‌महिने घरातली माणसं समुद्रावर. आणि ती सगळी मडकी बायका करायच्या, ज्या स्टँपवर कुठेच नाहीत! हे लक्षात आल्यावर मी मुद्दाम बायकांचे फोटो शोधायला लागले. १८८५ साली लिंट नावाचा मेलबर्नचा फोटोग्राफर, मूळचा जर्मन, एका सरकारी मोहिमेबरोबर तिथे गेला होता (मोहिमेचा प्रमुख सर पीटर स्क्रॅचली त्याच वर्षी डिसेंबरात तापाने गेला) आणि त्याच्या फोटोंत मोटू बायका आहेत, पाण्याची मडकी घेऊन उभ्या, मागे समुद्रात खांबांवर उभी असलेली घरं. त्यातल्या एकीची नजर थेट कॅमेऱ्यात आहे. मी त्या फोटोवर किती वेळ थांबले असेन सांगता येणार नाही.

आता एक गोष्ट सांगते जी मला खूप उशिरा कळली आणि कळल्यावर आधी बघितलेले सगळे फोटो परत उघडून बघावे लागले. त्या काळी फोटो रोलवर नाही, काचेच्या प्लेटवर निघायचे, आणि त्या प्लेटला निळा रंग फार लवकर दिसतो आणि लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे निळं आकाश पांढरंफटक येतं आणि लाल वस्तू काळी येते. आता विचार करा, या लोकांच्या आयुष्यात लाल रंग केवढा महत्त्वाचा! गेरूने रंगवलेलं अंग, लाल बिया, लाल शिंपल्यांच्या माळा. फोटोत सगळं काळं. तपकिरी कातडीसुद्धा असते त्यापेक्षा गडद येते. शंभर वर्षं बाहेरच्या जगाने या लोकांना ज्या अंधाऱ्या रूपात पाहिलं त्यातला काही भाग निव्वळ रसायनाचा होता. आणि मोटू बायकांच्या अंगावरचं गोंदण, जे चेहऱ्यापासून पायांपर्यंत असायचं, ते निळसर काळं, गडद झालेल्या कातडीवर ते त्या प्लेटवर नीट उठतच नाही. म्हणजे फोटोत गोंदण दिसत नाही म्हणून ते नव्हतंच असं म्हणायची सोय नाही.

सांताक्रूझ बेटांवरच्या पिसांच्या पैशाचं तर मला फार वाईट वाटलं. सॉलोमनच्या पूर्वेला ही बेटं आहेत. एक छोटा लालभडक पक्षी, त्याची बारीक पिसं गोळा करून, चिकटवून, लांब पट्टा करायचा, दहाएक मीटर, आणि मग त्याचं वेटोळं. एकजण पक्षी पकडणार, दुसरा पिसांच्या चकत्या करणार, तिसरा त्या बांधून पट्टा करणार, तिघांची तीन कसबं. एका वेटोळ्यामागे शेकडो पक्षी. लग्नात नवरीसाठी हे वेटोळं द्यायचं, होडी घ्यायची तरी हेच. याची किंमत कशावर? लालपणावर. जेवढा लाल ताजा तेवढी किंमत जास्त, पिसं झडली, रंग उतरला की किंमत उतरली. आणि जुन्या फोटोत हे सगळं कसं दिसतं तर काळ्या दोरखंडाचं भेंडोळं! ज्या एका गुणासाठी माणसं वर्षभर राबली तोच गुण प्लेटला दिसला नाही. म्युझियममध्ये ठेवलेल्या वेटोळ्यांचे आजचे रंगीत फोटो बघितल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता.

त्या बेटांवर १९०६ साली होबार्टचा बीटी नावाचा फोटोग्राफर गेला होता, मेलानेशियन मिशनच्या ‘सदर्न क्रॉस’ जहाजातून, आणि त्याच्या त्या एका फेरीतून हजाराच्या वर फोटो आले. काचेच्या प्लेटा, पेट्याच्या पेट्या, उष्ण दमट हवा, प्लेट धुवायला गोडं पाणी लागतं आणि ते जहाजावर मोजून मिळणार. गरम हवेत जिलेटिनचा थर सुटायला लागतो, बुरशी धरते. काही स्कॅनमध्ये ती बुरशी दिसते, कोपऱ्यातून फांद्या फुटल्यासारखी आत येते. मला ते डाग आवडतात, कारण ती तिथलीच हवा आहे, काचेवर बसलेली.

मांडणीचं काय, म्हणजे हे फोटो खरे की ठरवून काढलेले, हा प्रश्न मला सुरुवातीला फार सतावायचा. फिजीत लेव्हुकाला डफ्टी बंधूंचा स्टुडिओ होता १८७०च्या दशकात, तिथे गदा हातात दिलेले ‘योद्धे’ उभे करून फोटो काढायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्यांना विकायचे. फ्रँक हर्ली, तोच तो, शॅकल्टनबरोबर अंटार्क्टिकात गेलेला, १९२०च्या दशकात पापुआत गेला, विमान घेऊन गेला, अप्रतिम फोटो आणले, पण हा माणूस आकाश एका प्लेटचं आणि जमीन दुसऱ्या प्लेटची जोडायला मागेपुढे न बघणारा, आणि गावांतून पवित्र वस्तू ज्या पद्धतीने उचलून आणल्या त्यावरून तिथल्या सरकारशीसुद्धा त्याचं वाजलं. मार्टिन आणि ओसा जॉन्सन हे अमेरिकन जोडपं १९१७ साली व्हानुआतूतल्या मलाकुला बेटावर गेलं आणि बिग नांबास लोकांची फिल्म ‘नरभक्षकांची बेटं’ म्हणून विकली. अशा फोटोंखालच्या कॅप्शन वाचवत नाहीत. ‘नरभक्षक’, ‘रानटी’, ‘एक नमुना’. माणूस समोर उभा आहे, नाव विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने.

पण मग मेरची फिल्म बघितली आणि माझं मत डळमळलं. मेर म्हणजे टॉरेस सामुद्रधुनीतलं बेट, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधलं, लोक मेलानेशियन. १८९८ साली केंब्रिजहून हॅडन नावाचा मानववंशशास्त्रज्ञ सहा जणांना घेऊन तिथे गेला, रिव्हर्स, सेलिगमन, मायर्स असे पुढे फार मोठे झालेले लोक त्यात होते, आणि अँथनी विल्किन नावाचा विद्यार्थी फोटो काढायला. तो बिचारा पुढे तीनच वर्षांत वारला. तर मेरवर मालो-बोमाई नावाचा मोठा विधी असायचा. मिशनरी १८७१ साली सामुद्रधुनीत आले आणि त्यानंतर तो बंद झाला, मूळचे मुखवटे राहिले नाहीत. हॅडनला तो बघायचा होता. मग गावातल्या म्हाताऱ्यांनी काय केलं, हॅडनने दिलेल्या पुठ्ठ्याचे मुखवटे केले आणि नाच करून दाखवला, आणि ते फिल्मवर आलं. त्या मोहिमेतून उरलेली सगळी फिल्म मिळून चारेक मिनिटांची आहे.

पुठ्ठ्याचे म्हणजे खोटेच ना? मला आधी तसंच वाटलं. पण परत परत बघितल्यावर वाटायला लागलं की सत्तावीस वर्षं बंद पडलेली गोष्ट ज्यांच्या अंगात अजून होती त्यांनी ती हातांनी परत उभी केली, मुखवट्याचा आकार त्यांना आठवत होता, पावलं आठवत होती, कोणी कुठे उभं राहायचं ते आठवत होतं. ती माणसं हॅडनच्या हातातली बाहुली नव्हती, त्यांना स्वतःला हे करायचं होतं असं त्यांच्या पावलांवरून मला तरी वाटतं. आणि याची पुढची गोष्ट तर मला खरंच हलवून गेली. त्याच मोहिमेत रिव्हर्सने मेरच्या घराण्यांच्या वंशावळी लिहून घेतल्या होत्या, कोण कोणाचा मुलगा, कोण कुठल्या गावचा. नव्वद वर्षांनी एडी कोइकी माबो आणि त्याच्या सोबतच्या मेरच्या लोकांनी ऑस्ट्रेलियाच्या कोर्टात दावा लढवला की ही जमीन आमची होती आणि आहे, तेव्हा केंब्रिजच्या त्या रिपोर्टांचा पुरावा म्हणून उपयोग झाला. ३ जून १९९२ ला निकाल लागला, त्यांच्या बाजूने. गोरे येण्याआधी ही जमीन कोणाचीच नव्हती हे तत्त्वच कोर्टाने मोडीत काढलं. माबो त्याआधी काही महिने गेला होता.

मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाबद्दल लिहायलाच हवं पण मी थोडक्यात लिहिते कारण त्याच्याबद्दल सगळेच लिहितात. १९१५ ते १९१८ न्यू गिनीच्या पूर्वेच्या ट्रोब्रिअँड बेटांवर, हजाराहून जास्त फोटो, आता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. त्याच्या फोटोंची गंमत म्हणजे तो जवळ जात नाही. चेहरे भरून काढलेले फोटो कमी, माणसं मधल्या अंतरावर, आजूबाजूला जागा, मागे कोनफळाच्या जातीच्या कंदांची कोठारं. त्यामुळे कोण कोणाजवळ बसलंय, मुलं कुठे आहेत, बघे किती जमलेत ते दिसतं. कुला म्हणजे बेटाबेटांतून फिरणारी देवघेव, लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने, ते समजून घ्यायचं तर असाच फोटो लागतो, जवळून काढलेल्या माळेतून काही कळत नाही. तिथला एक व्यापारी, बिली हॅनकॉक, स्वतः फोटो काढायचा आणि त्याला मदत करायचा, हे नाव बहुतेकदा गाळलं जातं म्हणून इथे टाकते.

आता हायलँड्स. १९३० पर्यंत बाहेरच्या जगाची समजूत होती की न्यू गिनीच्या मधल्या डोंगरात कोणी राहत नाही. मायकेल लेही नावाचा ऑस्ट्रेलियन सोनं शोधत डोंगर चढून गेला आणि पलीकडे बघतो तर हिरव्यागार दऱ्या, आखलेली शेतं, चर खणलेले, आणि पुढे कळलं त्याप्रमाणे दहा लाखांच्या आसपास माणसं! त्याच्याकडे लायका कॅमेरा होता, म्हणजे काचेची प्लेट गेली आणि रोल आला, भराभर फोटो काढता यायला लागले. त्यामुळे या फोटोंत असे चेहरे आहेत जे आधीच्या कुठल्याच फोटोंत नाहीत, ज्या क्षणी माणूस पहिल्यांदा परका माणूस बघतो त्या क्षणाचे. काही रडतायत. काहींनी तोंडावर हात घेतलाय. हे फोटो बघणं सोपं नाही, कारण ज्या माणसाने कॅमेरा धरला होता त्याच माणसाने आणि त्याच्या साथीदारांनी बंदुकीने या लोकांतले काहीजण मारले, ते त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. फोटो आणि गोळी एकाच हातातली. मी हे विसरून त्या फोटोंची उजेड-सावली बघू शकत नाही, आणि बघू नये असंच मला वाटतं.

मात्र १९८०च्या सुमाराला दोन ऑस्ट्रेलियन फिल्मवाले हे फोटो घेऊन परत त्या दऱ्यांत गेले आणि तेव्हा तरुण असलेली माणसं अजून होती. त्यांनी फोटोत स्वतःला ओळखलं, भावांना ओळखलं. त्यांनी सांगितलं की आम्हाला वाटलं हे आमचे मेलेले पूर्वज परत आलेत, कातडी पांढरी पडलीय म्हणजे नक्कीच मेलेले. मग एकजण लपून बसला आणि हे लोक परसाकडे कुठे जातात ते बघून आला, नंतर जाऊन तपासलं, आणि मग खात्री पटली की हे आपल्यासारखीच माणसं आहेत. पन्नास वर्षं आपण त्या फोटोत त्यांना बघत होतो आणि ते त्याच वेळी एवढ्या नीट चौकशी करून आपल्याकडे बघत होते!

नावांचं मला सगळ्यात जास्त लागतं. कॅटलॉगमध्ये फोटोग्राफरचं नाव असतं, प्लेटचा नंबर असतो, कोणी दान दिलं तेही असतं, आणि माणसाच्या जागी ‘पुरुष, डोक्यावर पिसं’. एक फोटो आहे जो कदाचित तुम्ही बघितला असेल, २५ डिसेंबर १९४२, बुनाजवळ, उंच गवतातून एक पापुअन माणूस काठी टेकत चाललाय आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या जखमी ऑस्ट्रेलियन सैनिकाला आधार देऊन घेऊन चाललाय. जॉर्ज सिल्कने काढलेला. सैनिकाचं नाव व्हिटिंग्टन, तो पुढे दोनेक महिन्यांनी स्क्रब टायफसने गेला. आणि दुसरा माणूस जगभर वर्षानुवर्षं फक्त एक टोपणनाव होता, केसांवरून पाडलेलं, युद्धात ओझी आणि जखमी वाहणाऱ्या सगळ्या पापुअन लोकांसाठी एकच. त्याचं नाव राफाएल ओइम्बारी. १९९६ पर्यंत होता तो. हे नाव मी मोठ्याने उच्चारून बघितलं होतं तेव्हा.

हे फोटो काढणाऱ्या बऱ्याच जणांना एक घाई होती. त्यांची खात्री होती की हे लोक संपणार आहेत. आणि कारणं नव्हती असं नाही, १८७५ साली सिडनीहून आलेल्या जहाजातून फिजीत गोवर आला आणि सुमारे ४०,००० माणसं गेली. १८६३ ते १९०४ या काळात सुमारे ६२,००० बेटवासी, मुख्यतः व्हानुआतू आणि सॉलोमनचे, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांत नेले, काही करार करून, कित्येक फसवून किंवा उचलून, आणि मग १९०६ पासून बहुतेकांना कायदा करून परत हाकललं. त्या उसात उभ्या असलेल्या माणसांचे फोटो आहेत, हातात कोयते, कपडे युरोपियन, आणि हेही मेलानेशियाचेच फोटो आहेत पण ‘पारंपरिक जीवन’ म्हणून शोधलं तर येत नाहीत. १९२२ साली रिव्हर्सने मेलानेशियाची लोकसंख्या का घटतेय यावर एक अख्खं पुस्तक संपादित केलं. म्हणजे त्या पिढीचा कॅमेरा शेवटचा निरोप घेतल्यासारखा चालत होता. आज पापुआ न्यू गिनीची लोकसंख्या कोटीच्या घरात आहे.

आणि ज्या गोष्टी खरोखर संपवायच्याच होत्या, मुद्दाम, त्यांचं काय झालं बघा. पापुआच्या आखातात ओरोकोलोला एलेमा लोकांचे हेवेहे मुखवटे. सरकारी मानववंशशास्त्रज्ञ एफ. ई. विल्यम्स, १९२२ पासून १९४३ला विमान अपघातात जाईपर्यंत पापुआत काम करत होता, त्याने ते फोटोत आणले. माणसापेक्षा दोन-तीन पट उंच मुखवटे, झाडाच्या सालीच्या कापडाचे, एरावो नावाच्या प्रचंड पुरुषघरात बंद दाराआड तयार होणारे. पुरं व्हायला दहा वर्षं, कधी वीस. डुकरं जमवा, भांडणं मिटवा, कोणी गेलं की थांबा, परत सुरू करा. शेवटी एका पहाटे ते उंच दार उघडतं आणि एकेक हेवेहे बाहेर येतो, आणि बायका ज्यांनी इतकी वर्षं फक्त आतले आवाज ऐकले त्या त्यांच्याभोवती नाचत किनाऱ्यावर जातात. महिनाभर नाच. आणि मग सगळे मुखवटे जाळून टाकतात. जाळायचेच असतात. न्यू गिनीजवळच्या न्यू आयर्लंड बेटावरच्या मलांगानचंही तेच, मेलेल्यासाठी महिनोन्‌महिने कोरलेलं लाकूड, एकदा सगळ्यांनी बघितलं की त्याचं काम संपलं, कुजू द्यायचं.

म्हणजे वीस वर्षं केलेली वस्तू एका महिन्यात राख होणं हे त्या वस्तूचं नुकसान नव्हतं, तिचं पूर्ण होणं होतं. आणि आता ती काचेवर आहे आणि मी ती मध्यरात्री झूम करून बघतेय. मला हे कसं वाटावं ते अजून ठरवता आलेलं नाही. बघू नये असं म्हणवत नाही, पुरारी नदीच्या मुखाजवळच्या गावांत विल्यम्सचे फोटो परत गेले तेव्हा जमीन कोणाच्या पूर्वजांची या वादात लोकांनी ते पुरावा म्हणून हातात घेतले. पण सगळं सगळ्यांनी बघायचं असतं असंही नाही. पोर्ट व्हिलाला व्हानुआतूच्या कल्चरल सेंटरमध्ये एक टाबू रूम आहे, तिथे ज्यांचं ते त्यांनीच बघायचं अशा रेकॉर्डिंग आणि फोटो ठेवतात, काही फक्त पुरुषांचं, काही फक्त बायकांचं, काही एकाच घराण्याचं. मला ही फार शहाणी व्यवस्था वाटते. काही परदेशी म्युझियमच्या साइटवर आता फोटोच्या जागी राखाडी चौकोन येतो, तिथल्या लोकांच्या विनंतीवरून झाकलाय म्हणून. पहिल्यांदा तो चौकोन बघून मी खट्टू झाले होते. आता तो आला की बरं वाटतं, कोणीतरी विचारलंय एवढं कळतं.

जॉन लेयार्डचे फोटो व्हानुआतूला असेच परत गेले. १९१४ साली रिव्हर्स त्याला मलाकुलाजवळच्या अचिन बेटावर सोडून थोड्याच दिवसांत पुढे निघून गेला, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा एकटा तिथे वर्षभर राहिला, भाषा शिकला, नाचाच्या पटांगणाचे, उभ्या कोरलेल्या ढोलांचे, माणसांचे फोटो काढले आणि अनेकांची नावं लिहून ठेवली. नावं होती म्हणून नातवंडं-पतवंडं सापडली. फोटोला ते पिक्चर किंवा जवळपास तसंच काहीतरी म्हणतात बिस्लामा या तिथल्या भाषेत, आणि परंपरेला कस्टम, इंग्रजीतून घेतलेला शब्द पण अर्थ पूर्ण त्यांचा. फिजीत बायकांचं गोंदण, वेइंग्गिआ, मिशनऱ्यांनी बंद पाडलेलं, त्याचा शोध २०१५ पासून फिजियन वंशाच्या काही कलाकार बायकांनी म्युझियममधल्या वस्तू, कागद, चित्रं धुंडाळत घेतलाय. पापुआच्या किनाऱ्यावरच्या घराण्यांतल्या काही बायका परत हाताने टोचून गोंदवून घेतायत. पोर्ट मोर्सबीला सप्टेंबरात हिरी मोआले हा उत्सव भरतो तेव्हा लाकाटोई अजून येते, तीच शिडं.

गेल्या आठवड्यात मी मलाकुलाची वाळूतली चित्रं बघत होते. जमीन साफ करायची, आधी आडव्या-उभ्या रेघांची चौकट, आणि मग एका बोटाने, बोट न उचलता, त्या चौकटीतून वळणं घेत घेत एकच रेघ, जिथून निघाली तिथे परत. काढता काढता गोष्ट सांगायची. मग पुसायचं. बर्नार्ड डीकन नावाच्या मुलाने यातली कितीतरी चित्रं कागदावर उतरवली आणि १९२७ साली परत निघायच्या बेतात असताना तिथेच ब्लॅकवॉटर फीव्हरने गेला, चोवीस वर्षांचा होता. त्याने लिहून ठेवलंय की माणूस मेल्यावर मृतांच्या देशाला निघतो तेव्हा वाटेत एक राक्षसी बसलेली असते, ती वाळूत एक चित्र काढते आणि त्याला बघितलं की अर्धं पुसून टाकते. उरलेलं अर्धं त्याने पुरं करायचं. आलं तर वाट मोकळी, नाही आलं तर ती खाते.

फोटोतल्या पुऱ्या झालेल्या चित्रावरून रेघ कुठून सुरू झाली ते कळत नाही. मी स्क्रीनवर बोट ठेवून करून बघितलं. दोनदा अडकले, एकदा एक वळण सुटलं, एकदा त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा हळूहळू केलं आणि बोट निघालं तिथे परत आलं. गोष्ट मात्र कोणी सांगत नव्हतं.